तुम्ही विचारलंत म्हणून: ॲन्युरिझमच्या संशोधनासाठी पैसे कसे उभे करायचे?

ब्रेन ॲन्युरिझम म्हणजे मेंदूतल्या धमनीच्या भिंतीला आलेला फुगा; तो फुटला की रक्तस्राव होतो. त्यातून वाचलेली माणसं आणि त्यांच्या घरचे मला सतत विचारतात, "संशोधनासाठी पैसे जमवायचेत, पण कसे? आणि आपल्या एवढ्याशा रकमेनं काय होणार?" मीही वाचलेल्यांपैकीच, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. मोठं अनुदान मागताना संशोधकाला प्राथमिक निष्कर्ष दाखवावे लागतात आणि नेमका त्याच टप्प्यासाठी पैसा मिळणं कठीण असतं. जुन्या अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांची चित्रं) पुन्हा मोजून पाहणं, शस्त्रक्रियेत मिळालेले धमनीच्या भिंतीचे तुकडे जपणं, सहायकाला मानधन देणं ही कामं छोट्या देणग्यांवर सुरू होऊ शकतात. कामं तर पुष्कळ पडली आहेत. सुमारे ३ टक्के प्रौढांच्या मेंदूत न फुटलेला ॲन्युरिझम असतो. त्यातले बहुतेक जन्मभर फुटत नाहीत, पण फुटणारा कोणता हे अजून ठामपणे सांगता येत नाही. २०१४ साली आलेली फेजेस गुणपद्धत वय, रक्तदाब, ॲन्युरिझमचं आकारमान आणि जागा वगैरे पाहून पाच वर्षांतला धोका सांगते, पण तिच्यात धूम्रपान धरलेलंच नाही. फुटल्यानंतर दर ४ तासांनी ६० मिलिग्रॅम असं २१ दिवस दिलं जाणारं निमोडिपिन हे औषध १९८०च्या दशकातल्या चाचण्यांतून आलं. त्याच्या तोडीचं दुसरं औषध अजून हाती नाही. मला हे असह्य वाटतं.

म्हणून पैसे मागण्याआधी प्रश्न ठरवा. "ॲन्युरिझमसाठी मदत करा" म्हटलं की लोक हळहळतात आणि पुढे जातात. "कोणता फुटेल हे ओळखण्याच्या अभ्यासासाठी" म्हटलं की थांबून विचारतात. मग संस्था निवडा. अनुदानाचे अर्ज बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेते का, आधी कोणाला किती दिलं हे जाहीर करते का, प्रशासनासाठी किती टक्के कापते, हे विचारा. रुग्णालयाला देणार असाल तर रक्कम फक्त ॲन्युरिझमच्या संशोधनासाठीच वापरली जाईल असं लेखी घ्या. नाहीतर ती सर्वसाधारण निधीत मिसळते आणि नंतर वेगळी काढता येत नाही.

पैसे स्वतःच्या खात्यात कधीही घेऊ नका. देणगीदाराला पावती मिळत नाही, हिशेबाचा आणि कराचा घोळ होतो आणि हेतू कितीही चांगला असला तरी शंका उरते. संस्थेच्याच ऑनलाइन पानावर थेट देणगी घ्या आणि व्यवहाराचं शुल्क किती कापलं जातं ते आधी बघून ठेवा.

मागताना प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवा. गटावर टाकलेल्या आवाहनाला हात जोडलेली चित्रं भरपूर मिळतात, पैसे थोडे. पान सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी जवळच्या आठ-दहा जणांकडून पहिल्या देणग्या घ्या, कारण शून्यावरच्या पानावर पहिलं व्हायला लोक कचरतात. निरोपात रक्कम सुचवा, शेवटची तारीख द्या, आठवड्यानं एकदाच आठवण करा. पैसे आले की दोन दिवसांत नाव घेऊन आभार माना.

चालण्याचा कार्यक्रम ठेवणार असाल तर आधी खर्च मांडा: जागा, परवानगी, विमा, पाणी, प्रथमोपचार. खर्च अपेक्षित जमेच्या चौथ्या हिश्श्यावर जात असेल, तर माझ्या मते कार्यक्रम सोडा आणि निरोपच पाठवा. येणाऱ्यांत वाचलेले असतील. त्यांच्यासाठी छोटी फेरी, बसायला बाकं आणि ध्वनिक्षेपकापासून लांब एक शांत खोली हवीच. रक्तस्रावानंतरचा थकवा वर्षानुवर्षं राहू शकतो. तुमच्याही बाबतीत हे खरं आहे, म्हणून हिशेब आणि फोन दुसऱ्या कोणाकडे द्या.

बोलताना जपा. समोर अशीही माणसं असतात, ज्यांचं माणूस वाचलं नाही. "मी लढले म्हणून जगले" हे वाक्य त्यांच्या जिव्हारी लागतं. "मीही स्कॅन करू का?" असं कोणी विचारलं तर सल्ला देऊ नका. आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यापैकी दोघांना ॲन्युरिझम झाला असेल किंवा स्वतःला पॉलिसिस्टिक किडनीचा (मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी होण्याचा) आजार असेल तर डॉक्टरांशी जरूर बोला, एवढंच सांगा. अचानक, काही क्षणांत टोकाला गेलेली आयुष्यातली सर्वांत तीव्र डोकेदुखी मात्र तातडीनं रुग्णालयात जाण्याची गोष्ट आहे. हे वाक्य प्रत्येक पत्रकावर छापा.

वर्षभरानं देणगीदारांना अर्ध्या पानाचं पत्र पाठवा: किती जमले, कोणत्या अभ्यासाला गेले, काय दिसलं. काहीच दिसलं नाही, तर तेही लिहा.