लेहरा अ‍ॅप, नोंद ७: तयार झालं, पण देता येईना

मागच्या नोंदीत लिहिलं होतं, मॅकवरचं लेहऱ्याचं (तबल्यासोबत आवर्तनभर फिरत राहणाऱ्या धुनेचं) अ‍ॅप झालं, आता फक्त पाठवायचं. तो 'फक्त' मागे घेतो. तीन शनिवार-रविवार त्यातच गेले.

पहिली ठेच एक्सकोडमध्येच (अ‍ॅपलचं अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर). आर्काइव्ह (वाटण्यासाठी बांधलेली प्रत) बिनतक्रार झालं, पण ऑर्गनायझरमध्ये (एक्सकोडमधली आर्काइव्हची यादी) जाऊन बसलं 'अदर आयटम्स'खाली. डेव्हलपर आयडीने, म्हणजे अ‍ॅप स्टोअरबाहेर स्वतः, वाटायचा पर्यायच दिसेना. आर्काइव्ह आतून उघडून पाहिलं, तर प्रॉडक्ट्स फोल्डरमध्ये अ‍ॅपच्या जोडीला यूएसआर, लोकल, बिन अशी उतरंड आणि तळाशी माझं ऑडिओ बदलणारं छोटं कमांड लाइन टूल. त्या टूलच्या टार्गेटचं 'स्किप इन्स्टॉल' (आर्काइव्हमध्ये वेगळं टाकू नको) येस केलं, काम झालं. मुख्य अ‍ॅपला मात्र नोच हवं. मी उत्साहात तिथंही येस केलं आणि अर्धा तास आर्काइव्हमध्ये अ‍ॅप शोधत बसलो.

मग नोटरायझेशन, म्हणजे अ‍ॅपलकडून अ‍ॅप तपासून घेणं. (जुन्या लेखांतलं ऑल्टूल विसरा, १ नोव्हेंबर २०२३ पासून त्यासाठी ते बंद आहे, नोटरीटूल वापरा.) उत्तर आलं: 'इनव्हॅलिड'. एवढ्यावर डोकं खाजवू नका, सबमिशन आयडी देऊन लॉग मागवा. त्यात कुठल्या फाइलचं काय चुकलं ते सरळ लिहिलेलं असतं. माझ्या लॉगमध्ये तेच टूल: हार्डन्ड रनटाइम (चालतानाचं जास्तीचं संरक्षण) नाही, सुरक्षित टाइमस्टॅम्प (सही कधी झाली त्याची खात्री) नाही.

कोडसाइनला (सही करणारी कमांड) 'डीप' (आतल्या कोडवरही सही कर) लावून पुन्हा सही केली. लॉग तोच. कारण टूल मी अ‍ॅपच्या रिसोर्सेस फोल्डरमध्ये टाकलं होतं. ती जागा डेटाची. डीप तिथं कोड शोधतच नाही. शिवाय ते आतल्या सगळ्यांना एकच एनटायटलमेंट (खास परवानग्यांची यादी) चिकटवतं, म्हणजे सापडलं असतं तरी गोंधळच. टूल कंटेंट्सच्या हेल्पर्स फोल्डरमध्ये हलवलं, आधी त्यावर सही केली, मग बाहेरच्या अ‍ॅपवर. आतून बाहेर, हाच क्रम. या वेळी 'अ‍ॅक्सेप्टेड'.

नोटरायझेशन झाल्याचं तिकीट चिकटवणारं टूल म्हणजे स्टेपलर. त्याने तिकीट झिपला लागत नाही. अ‍ॅपला लावायचं आणि मग नव्याने झिप करायची. मी पाठवायला घेतली होती ती आधीचीच झिप, म्हणजे बिनतिकिटाची. इंटरनेट असेल तर तीही चालते, म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही.

खरी फसगत चाचणीत होती. इतके दिवस 'माझ्याकडे उघडतंय' म्हणत होतो. उघडणारच! स्वतः बिल्ड केलेल्या अ‍ॅपवर क्वारंटाइनचा (बाहेरून उतरवल्याचा) शिक्का नसतो, त्यामुळे गेटकीपर (मॅकचा पहारेकरी) त्याला अडवत नाही. ब्राउझरमधून उतरवलेलं अ‍ॅप दुसऱ्या मॅकवर उघडून पाहा. आणि मॅकओएस सिक्वोयापासून कंट्रोल-क्लिक करून निसटायची वाटही बंद झालीय. सेटिंग्जमध्ये जाऊन परवानगी द्या, हे आमच्या गुरुजींना फोनवर कोण समजावणार?

काल त्यांच्या मॅकबुकवर ते विनातक्रार उघडलं. झपताल लावला, दोन आवर्तनं ऐकली आणि म्हणाले, "सारंगी काळी दोनला बेसूर आहे रे."

पुढची नोंद त्यावर.