तेल्यांच्या घरचा हनुका

यहुदी पंचांगातल्या किस्लेव महिन्याची पंचवीस तारीख लागते त्या संध्याकाळी, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरात, ठाण्यातील आमचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचे, मंडळ दर वर्षी हनुका या दिव्यांच्या सणाचा मेळावा भरवते. स्वागत, अहवाल, हिशेब, पुष्पगुच्छ हे सारे इतर मंडळांत होते तसेच येथेही होते. मी वाट पाहतो ती आमच्या निवृत्त शिक्षिकाबाईंच्या भाषणाची.

"हनुका म्हणजे वास्तुशांत," हे त्यांचे पहिले वाक्य ठरलेले. अंतियोखस या ग्रीक राजाने भ्रष्ट केलेले येरुशलेमचे मंदिर यहुद्यांचा सेनानी यहूदा मक्काबी याने सोडवले आणि इ.स.पू. १६४ मध्ये ते शुद्ध करून पुन्हा देवाला अर्पण केले. त्या अर्पणाला हनुका म्हणतात, आणि नव्या घरात राहायला जाताना आजही 'हनुकत हबायित' होते. शिक्षणाला 'हिनुख' म्हणतात तेही याच धातूवरून, हे सांगताना बाई पहिल्या रांगेतल्या मुलांकडे चष्म्यावरून पाहतात. मग फळ्यावर 'काफ' आणि 'हे' ही हिब्रू अक्षरे काढतात, ज्यांची अंकमूल्ये वीस अधिक पाच, आणि 'हानू', म्हणजे पंचविशीला ते विसावले, अशी नावाची दुसरी फोड करून दाखवतात. ती व्याकरणापेक्षा आजीच्या गोष्टीत शोभते, हे त्या स्वतःच कबूल करतात.

माझा गळा दाटतो तो यापुढे. एका दिवसापुरते शुद्ध तेल आठ दिवस पुरले, ही तालमुद या यहुदी धर्मग्रंथातील कथा सांगून झाली की बाई क्षणभर थांबतात. कोकणात घाणा चालवणारे आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, तो बंद ठेवणारे आमचे पूर्वज 'शनवार तेली' म्हणून ओळखले जात. मात्र अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागलेली ती माणसे, परंपरा सांगते त्याप्रमाणे, मक्काबींच्या विजयाआधीच मायदेशातून निघाली असल्याने त्यांना शब्बाथ ठाऊक होता, सुंता ठाऊक होती, 'शेमा' ही प्रार्थना पाठ होती, पण हनुका ठाऊक नव्हता. "गावच्या दिव्यांना तेल आपण पुरवले," बाई म्हणतात, "आणि आपल्या सणाचा दिवा आपल्याला कोचीनच्या यहुदी पाहुण्यांनी दाखवला."

गेल्या वर्षी हे ऐकायला चाळीसपैकी एकोणीस खुर्च्या भरल्या होत्या. सुफगानियोत, म्हणजे हनुकाचे गोड तळलेले गोळे, तळून आल्यावर मात्र खुर्च्या कमी पडल्या, याची नोंद मी मुद्दाम करून ठेवतो.

ते सुफगानियोत तळणाऱ्या तिन्ही वहिनी, वाती वळून पाठवणाऱ्या पनवेलच्या मावशी, शेजारच्या गणेशोत्सव मंडळाचा माइक विनामूल्य आणून देणारा मुलगा, चपलांपाशी बसणारे काका, हनुकियाला, म्हणजे सणाच्या दीपदानाला, चिंच लावून चकचकीत करणारी त्यांची नात, आठही संध्याकाळी न चुकता शमाश, म्हणजे इतर दिवे लावायचा दिवा, पेटवणारे आमचे हजान (प्रार्थना म्हणणारे), आणि जिन्यावरचे मेण खरवडून काढणाऱ्या काकू, या साऱ्यांचे आभार. काकूंचा उल्लेख एका वर्षी अहवालात राहून गेला, तर वसंतातला पुरीमचा सण येईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या.