डस्टरचा काळा पट्टा लावताना

जुन्या गाडीला नवा रंग चढला की काम संपलं असं लोकांना वाटतं. प्लिमथ या अमेरिकी ब्रँडच्या १९७० च्या डस्टर ३४० च्या बाबतीत खरी परीक्षा तिथून सुरू होते. ही गाडी म्हणजे प्लिमथच्याच साध्यासुध्या व्हॅलियंट गाडीचा सांगाडा आणि त्यात ३४० घनइंची, म्हणजे साधारण ५.६ लिटरचं, २७५ अश्वशक्तीचं व्ही-८ इंजिन. कमी पैशात जास्त ताकद, हाच तिचा बाणा. तिच्यावर क्रोमचा फारसा थाट नाही. तिची ओळख सांगतात ते कुशीवर चिकटवलेला व्हिनाइलचा (पातळ प्लॅस्टिकचा) लांब पट्टा आणि ती हसरी कार्टून वावटळ. पट्टा सुतात नसेल तर चांगली रंगवलेली गाडीही वाकडी दिसते.

आमची डस्टर पिवळी आहे, प्लिमथने 'लेमन ट्विस्ट' नाव दिलेला तो पिवळा. आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो, त्यामुळे ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ या जुन्या गाड्यांच्या मेळ्याला गाडी न्यायची हे ठरलेलं होतं. तरी रंग पूर्ण मुरेपर्यंत मी पट्ट्याला हात लावला नाही. रंगावरच्या पारदर्शक थरातून, म्हणजे क्लिअर कोटमधून, सॉल्व्हंटची वाफ बरेच दिवस निघत राहते. घाईने व्हिनाइल चिकटवलं तर ती वाफ आत कोंडते आणि फोड येतात, मग ते कितीही दाबा.

जुना रंग काढण्याआधी मात्र एक काम मी आवर्जून केलं होतं. मूळ पट्ट्याची छाप दोन्ही बाजूंना पुसटशी दिसत होती. ती ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतली आणि दर हातभर अंतरावर अंगच्या घडीपासूनची, म्हणजे पत्र्याला दाबून काढलेल्या रेषेपासूनची उंची लिहून ठेवली. डावी आणि उजवी बाजू जुळेना! क्वार्टर पॅनलवर, म्हणजे दरवाजामागच्या, मागच्या चाकावरच्या पत्र्यावर, जवळजवळ ९ मिलिमीटरचा फरक होता. तेव्हा कारखान्यात पट्टे माणसं हातानेच लावत, आणि पत्र्याचे भागही आजच्या इतके एकसारखे नसत. फरक पडायचाच.

मग विश्वास कशावर ठेवायचा? नव्या पट्ट्यासोबत मापांचा कागद आला होता. नवऱ्याने लेझर लेव्हल आणली. लेझरची रेषा अगदी सरळ पडली, आणि गाडीवर ती साफ चुकीची दिसली, कारण डस्टरच्या अंगावर सरळ असं काही नाहीच. फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, किंचित उतरता, दरवाजा जवळजवळ सपाट, मागचं पॅनल फुगीर. आई उन्हाळ्यापुरती कोल्हापूरहून आली होती. गॅरेजच्या दारात उभी राहून ती बराच वेळ बघत होती. म्हणाली, "अगं, साडीचं परकर-पोलकं शिवताना काठ शिवणीवर जुळवतात. टेप काय म्हणते ते नंतर." माझ्या मते या कामाचं सगळं मर्म त्यातच आहे. डोळा आधी फटीवर जातो. फेंडर आणि दरवाजा, दरवाजा आणि क्वार्टर पॅनल या दोन फटींवर पट्टा तुटला नाही तर बाकीचा थोडा फरक कुणाला जाणवत नाही.

म्हणून आधी दरवाजे पाहिले. डस्टरचे दरवाजे लांब आणि जड असतात, बिजागऱ्या झिजून ते मागच्या टोकाला लोंबतात. लोंबलेल्या दरवाजावर पट्टा जुळवला आणि पुढे बिजागरी दुरुस्त केली, तर पट्टा तिथेच तुटणार. शिवाय गाडी चाकांवर उभी हवी, जॅकवर नाही. हिला वेगळी चासी नाही, त्यामुळे उचलली की अंग किंचित पिळतं आणि फटी बदलतात.

पत्रा साबणाने धुऊन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. मेणाचा अंशही नको. पट्ट्याचे फेंडर, दरवाजा आणि क्वार्टर पॅनलवरचे तिन्ही तुकडे मागच्या कागदासकट मास्किंग टेपने नुसते टांगले आणि रस्त्यापलीकडे जाऊन पाहिले. जवळून बरोबर वाटलेली रेषा तिथून दरवाजावर खाली बसलेली दिसे. नवरा टेप सोडवी, मी लांबून ओरडून सांगे: "वर घे, अजून, बस!" अख्खी संध्याकाळ यात गेली आणि ती जायलाच हवी होती.

लावायला सुरुवात दरवाजापासून केली, म्हणजे दोन्ही शेजारी त्याला जुळवता येतात. पट्ट्याच्या मधोमध टेपची उभी पट्टी मारली, एका बाजूचा मागचा कागद टेपपर्यंत सोलून कापला आणि मधून बाहेर फेल्टच्या कडेची स्क्वीजी, म्हणजे दाबून सपाट करायची पट्टी, ओढत गेले. मग दुसरी बाजू. माझ्या पट्ट्याला ओली पद्धत चालत होती, म्हणून पाण्यात भांड्याच्या साबणाचे मोजके थेंब टाकून फवारले. पट्टा सरकवता येतो, ताणला जात नाही. साबण जास्त झाला तर मात्र गोंद धरत नाही. पाणी निपटून काढल्यावर पट्ट्याच्या दर्शनी बाजूला लावलेला वरचा कागद लगेच ओढू नये. गोंदाने धरल्यावर तो स्वतःवरच दुमडत, पत्र्याला लागून, हळू काढायचा.

फटीपाशी व्हिनाइल बोटभर जास्त ठेवलं. दरवाजा उघडून, हीट गनने जरा ऊब देऊन ते कडेवरून आत वळवलं आणि उरलेलं आतल्या बाजूला कापलं, बाहेरच्या रंगावर ब्लेड टेकवलंच नाही. दोनतीन बारीक बुडबुडे राहिले, त्यांना कडेला सुई टोचून हवा बाहेर दाबली.

उजवी बाजू डावीच्या मापाने लावली नाही. तिची स्वतःची घडी, स्वतःच्या फटी पाहून लावली. मूळचा फरक त्यामुळे बराचसा तसाच राहिला. दोन्ही कुशी एका वेळी कुणालाच दिसत नाहीत, आणि प्रत्येक बाजू आपापल्या जागी बरोबर बसली आहे. दोन्हींची मापं कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवली आहेत. पुढे कधी एखादा फेंडर बदलावा लागला तर लागतील.