खिशातला चाकू कुठल्या पोलादाचा? आमची वाटचाल

फोनवर गिऱ्हाइकाचं सगळं विचारून झालं की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. "ते राहू द्या, तुमच्या स्वतःच्या खिशात कुठला असतो?" पहिल्यांदा कुणीतरी हे विचारलं तेव्हा मी चाचरलो. त्या महिन्यात आम्ही डी-२ पोलादाचे चाकू तोंडभर कौतुक करून विकत होतो, आणि माझ्या खिशात होता जुन्या बेअरिंगच्या रिंगेतून काढलेला, काळा पडलेला, दोनदा मूठ बदललेला चाकू. आजही तोच आहे. तो का, हे सांगायचं तर सगळा धंदाच सांगावा लागतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, एक लेथ आणि एक शेपिंग मशीन. ऑइल इंजिनाचे आणि पंपाचे सुटे भाग करून घर चालायचं. त्या गल्लीत वाढलेल्या पोराचा पहिला चाकू पॉवर हॅक्सॉच्या तुटक्या ब्लेडचाच असतो. दात ग्राइंडरवर उडवायचे, टोक काढायचं, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळायची, झाला चाकू. ब्लेड हायस्पीड स्टीलचं. त्यात टंगस्टन आणि मॉलिब्डेनम असल्यामुळे घासताना निळं पडलं तरी पाणी, म्हणजे तापवून-विझवून आणलेला कडकपणा, उतरत नाही. भट्टी नको, तेल नको. कोल्हापुरी चपला करणारे कारागीर आमच्याकडून याच ब्लेडच्या रापी, म्हणजे चामडं कापायची हत्यारं, करून न्यायचे. धंदा सुरू झाला तो या रापींवर. खिशातला घडीचा चाकू करायची हौस मात्र माझी.

पहिली खेप चाळीस नगांची. भंगारवाल्याकडून ब्लेडांचं बंडल स्वस्तात मिळालं म्हणून मी खुशीत होतो. पंधरा दिवसांत निम्मे चाकू परत आले. धार टिकत नाही, कांदा कापला तरी बोथट होतो. आमचे मिस्त्री तात्या अण्णांच्याच वयाचे. त्यांनी एक पातं घेतलं, त्याच्यावर कानस लावली. खरखरून लोखंड निघालं. "बाळ, ह्ये दोन जातीचं लोखंड हाय," ते म्हणाले. ब्लेडं बायमेटलची होती. दातांकडची चिंचोळी पट्टी तेवढी हायस्पीड, बाकीची पाठ साध्या स्प्रिंग स्टीलची. आणि आम्ही पहिल्यांदा काय केलं होतं? दात उडवले होते. जेवढं कामाचं होतं तेवढं नेमकं ग्राइंडरच्या कचऱ्यात गेलं होतं.

अख्ख्या हायस्पीडच्या ब्लेडांचा घडीचा चाकूही मला पुढे फारसा आवडला नाही. धार टिकते, पण स्वभाव काचेचा. डबा उचकटायला गेलं की टोक तुटतं, आणि खिशातल्या चाकूने डबा उचकटू नये हे सांगून कुणी ऐकत नाही.

मग आलो बेअरिंगवर. त्या पोलादाला आमच्याकडे ईएन-३१ म्हणतात. सुमारे १ टक्का कार्बन, दीड टक्क्याच्या आत-बाहेर क्रोमियम. अमेरिकेत ५२१०० म्हणतात ते हेच. जुन्या बेअरिंगची रिंग कापायची, लाल करून ऐरणीवर सरळ करायची, पातं काढायचं. पाणी द्यायला आमच्याकडे कोळशाची भट्टी आणि एक लोहचुंबक. साधारण ७७० अंशांना पोलादाला चुंबक चिकटायचं थांबतं. तिथून अजून थोडं तापवायचं आणि कोमट तेलात सोडायचं. मग त्याचा ठिसूळपणा घालवायला १८० अंशांवर दोन तास, असं दोनदा. त्यासाठी सुरुवातीला घरचाच ओव्हन वापरला. पुढे सहा महिने केकला तेलाचा वास येत होता, आणि त्यावरून घरात जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

त्या पात्याने मला पहिल्यांदा कळलं की धार म्हणजे काय. कुरुंदाच्या साध्या दगडावर दहा-बारा वेळा फिरवलं की हातावरचे केस उडतात. दगड नसेल तर चिनीमातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कडसुद्धा चालते. त्यातले कार्बाइडचे, म्हणजे कार्बन आणि धातूच्या संयुगाचे, कण बारीक, त्यामुळे कड पातळ केली तरी दातरत नाही.

तक्रारी आल्याच, पण वेगळ्या. लिंबू कापलं की पातं काळं पडतं. पेरू कापला की निळसर झाक येते. "गंजका चाकू पाठवला" म्हणून एकाने फोटो पाठवला. त्याला विचारलं, "आजीची विळी आठवते का?" ती काळीच असायची. कैऱ्या चिरून चिरून काळी, वर फणसासाठी खोबरेल तेलाचा हात, आणि धार अशी की बोट लागलं तर कळायच्या आधी रक्त. तो काळा थर तांबड्या गंजाला थोडाफार अडवतो. तांबडा दिसला तर पुसायचा, काळा राहू द्यायचा. काहींना हे पटलं. बाकीच्यांना आम्ही पैसे परत दिले.

खरी अडचण दाखवली ती घाटाखालच्या एका कलमवाल्या काकांनी. कोय कलमं बांधायचं काम ऐन पावसाळ्यात. सकाळपासून हात ओले, चाकू ओला, त्यावर आंब्याचा चीक. एकदा ते गगनबावड्यावरून एसटीने आले आणि रुमालात गुंडाळलेला माझा चाकू टेबलावर ठेवला. बिजागरीत गंज चढून तो उघडतच नव्हता. "धार बरी आसा हो," ते म्हणाले, "पण पावसात ह्येका सांभाळतलो कोण?" मी काहीच बोललो नाही. माझा चाकू देशावरच्या कोरड्या खिशासाठी होता. कोकणातल्या आषाढाचा मी विचारच केला नव्हता.

याच सुमारास पुण्याकडची तरुण मंडळी डी-२ मागायला लागली. डी-२ म्हणजे आमच्या डायवाल्यांचं, साचे करणाऱ्यांचं, एचसीएचसीआर (हाय कार्बन हाय क्रोमियम), दीड टक्का कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम. कागदावर वाटलं, एवढं क्रोमियम म्हणजे कोकणाचाही प्रश्न मिटला. तो मिटला नाही. त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी बांधलं जाऊन कार्बाइडचे कण बनतात, गंज अडवायला उरतं ते थोडंच. ईएन-३१ पेक्षा सावकाश गंजतं, पण गंजतं. शिवाय बाजारात मिळतात त्या जाड पट्ट्या. तीन मिलिमीटरचं पातं काढायचं तर निम्मं पोलाद सरफेस ग्राइंडरवर भुगा होतं.

आणि त्याचं पाणी आमच्या भट्टीत होत नाही, हजार अंशांच्या पुढे जावं लागतं. म्हणून साठ पाती बाहेर हीट ट्रीटमेंटला दिली. त्यांनी ती कुणाच्यातरी जाड डायांबरोबर एकाच भट्टीत लावली. डाय तापायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ आमची कागदासारखी पाती आत भाजत राहिली. परत आली ती अर्धी वाकडी, आणि उरलेल्यांची धार दातरणारी. त्यांचं म्हणणं, रिपोर्टमध्ये ५९ आरसी, म्हणजे रॉकवेल मापाने कडकपणा, आहे, मग तक्रार कसली? कडकपणा बरोबर येऊनही पातं वाया जाऊ शकतं, हे मला तेव्हा त्यांना समजावता आलं नाही. आता आम्ही आमचीच खेप भरेल एवढी पाती जमवून, भट्टी पूर्ण घेऊन, समोर उभं राहून करून घेतो. एक जुनं रॉकवेल टेस्टर घेतलं, पण प्रत्येक खेपेतलं एक पातं व्हाइसमध्ये धरून मोडूनही बघतो. मोडलेल्या जागी दाणा राखाडी आणि रेशमासारखा दिसला तर ठीक. साखरेसारखा चमकला तर सगळी खेप बाजूला.

एकदा तर डी-२ म्हणून आलेलं पोलाद डी-२ नव्हतंच. ते तात्यांनी ठिणगीवरून ओळखलं. डी-२ ची ठिणगी आखूड आणि विरळ पडते. इथे भुईनळ्यासारखी झाडं फुटत होती. व्यापारी मालाचं चलान दाखवत राहिला.

डी-२ चं एक मात्र कबूल करायला हवं. खोक्यांचा पुठ्ठा दिवसभर कापणाऱ्यांना त्याच्यासारखं दुसरं आम्ही काही देऊ शकलो नाही. गोदामात काम करणारी आमची गिऱ्हाइकं आजही तेच मागतात. घरगुती गिऱ्हाइकाकडून मात्र वर्षभराने कुरिअर यायचं: "धार गेली, आमच्या दगडावर लागत नाही, लावून द्या." हे वाईट वाटायचं. ज्या चाकूला धार लावायला मालकाला कोल्हापूरला पाठवावा लागतो, तो त्याचा पुरता झालाच नाही.

माझा भाचा न्यू जर्सीला असतो. तो येताना तिकडचे भारी चाकू दाखवायला आणतो. एस३०व्ही हे २००१ सालचं अमेरिकी पोलाद, त्यात ४ टक्के व्हॅनेडियम. ऑस्ट्रियाचं एम३९० आहे, २० टक्के क्रोमियमचं. आणि लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने तयार केलेलं, २०२१ मध्ये आलेलं मॅग्नाकट. ही सगळी भुकटीची पोलादं. वितळलेल्या धातूचा फवारा मारून पीठ करायचं आणि ते उष्णतेने-दाबाने पुन्हा एकजीव करायचं. कार्बाइडचे कण म्हणजे डाळीतल्या खड्यांसारखे. मोठे राहिले तर दाताखाली येतात, म्हणजे धारेतून निखळतात. भुकटी केली की ते बारीक होऊन सारखे पसरतात. एस३०व्ही तात्यांनी आमच्या दगडावर अर्धा तास घासलं आणि दगडालाच शिव्या दिल्या. चूक दगडाची नव्हती. व्हॅनेडियमचं कार्बाइड कुरुंदापेक्षा कठीण, त्याला हिऱ्याची पट्टीच लागते. मॅग्नाकट मात्र मला मनापासून आवडलं. कडक, चिवट, आणि न गंजणारं, तिन्ही एकत्र मी पहिल्यांदा पाहिलं. त्याची किंमत काढली आणि भाच्याचा चाकू भाच्याला परत दिला.

काकांचा प्रश्न सुटला तो स्वीडनच्या साध्या पोलादाने. १२सी२७ मध्ये ०.६ टक्का कार्बन आणि साडेतेरा टक्के क्रोमियम, बस. कार्बन बेताचा असल्याने मोठे कार्बाइड होत नाहीत आणि क्रोमियम गंजाविरुद्ध मोकळं राहतं. फ्रान्सचे ओपिनेल, जे १८९० पासून सावोयच्या डोंगराळ भागातून येतात, ते आपला लाकडी मुठीचा चाकू कार्बन पोलादात देतात आणि याच १२सी२७ मध्येही देतात. त्यांच्या गिऱ्हाइकांतही आमच्यासारखेच दोन तट असणार. याचंच पुढचं भावंड १४सी२८एन. त्यात थोडा नायट्रोजन घातल्याने गंज अजून दूर. ते मिळेल तेव्हा आम्ही तेच घेतो, पण थोडक्या मालासाठी ते कुणी सहज देत नाही.

तात्यांना स्टेनलेस पटत नाही. १९१३ साली शेफिल्डमध्ये हॅरी ब्रेअर्लीने स्टेनलेस काढलं तेव्हा तिथले चाकूवालेही त्याला हसले होते, हे मी त्यांना सांगितलं. "मग शहाणी माणसं होती ती," म्हणाले. त्यांचा स्वतःचा चाकू ओएचएनएसचा, म्हणजे तेलात पाणी द्यायच्या हत्यारी पोलादाचा, भोकं पाडायच्या पंचाच्या तुकड्यातून काढलेला, तपकिरीची डबी असावी तसा कायम खिशात. माझ्या बायकोच्या पर्समध्ये लाल स्विस चाकू. तो ५६ आरसीच्या आसपासचा, म्हणजे तात्यांच्या भाषेत "लोणी". पण ती महिन्यातून एकदा कपाच्या बुडावर दोन मिनिटं फिरवते आणि तिची धार कधी गेलेली मी पाहिली नाही. अण्णांना पोलादाशी देणंघेणंच नव्हतं. ते पातं उभं धरून पाठीकडून बघत आणि म्हणत, "जाड आहे." बहुतेक वेळा त्यांचं खरं निघायचं. धारेच्या मागची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या खाली आणली की आमचं साधं पोलाद महागड्या जाड पात्यापेक्षा सफरचंदात सरळ उतरतं.

आता आम्ही तीनच पोलादं ठेवतो. देशावर ईएन-३१, कोकणात आणि विसरभोळ्यांना स्वीडिश स्टेनलेस, पुठ्ठावाल्यांना डी-२. फोनवर आधी पोलाद सांगत नाही. राहता कुठे, कापता काय, घरी दगड आहे का, एवढं विचारतो.

गेल्या ज्येष्ठात काकांचा फोन आला. कलमांसाठी एका बाजूने सपाट घासलेले स्टेनलेसचे सहा चाकू हवे होते. आकडा लिहून घेतला, तर म्हणाले, "थांबा, अजून एक. तो जुना काळो, बेअरिंगचो."

"तो पुन्हा गंजेल, काका."

"गंजांदे. तो कामाक नको. घरात मासे साफ करूक नको, कलमाक नको. दुपारी खळ्यात बसान सुपारी सोलूक होयो."