बाळ झोपलं, आई झोपली का?

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, दूध उतरतं त्याच सुमारास, अनेकींना उगाच रडू येतं. संप्रेरकं झपाट्याने घटलेली असतात, टाके दुखतात, झोप नसते. हे दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही, किंवा वर्षभरात पुढे कधीही नव्याने सुरू झालं, तर प्रसूतीपश्चात नैराश्याची शंका घ्यायची.

सव्वा महिना घराचं लक्ष शेक, धुरी, डिंकाचे लाडू आणि 'दूध पुरतंय ना?' याकडे. बाकी सगळं 'ओली बाळंतीण, थकणारच' यात खपून जातं. म्हणून आधी एवढंच बघा: बाळ आजीकडे दिलं, दार लोटलं, तरी तिला झोप लागते का? नुसती थकलेली बाई पडल्या पडल्या झोपते. ही छताकडे बघत राहते. बाळाला घ्यावंसं वाटत नाही, किंवा उलट, त्याचा श्वास रात्रभर तपासत बसते. कधी रडू नसतंच, नुसती चिडचिड. तिला सगळे 'तापट' म्हणतात आणि आजार सुटून जातो.

बाळंतिणीचं नैराश्य चाचपणारी 'एडिनबर्ग' प्रश्नावली (१९८७) मोबाइलवर सहज मिळते: दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल, एकूण ३० गुण. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवा, १३ किंवा जास्त असतील तर चालढकल नको. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्य सोडून काहीही आलं, तर बेरीज न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

सुरुवात प्रसूती केलेल्या डॉक्टरांकडे केली तरी चालते. हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून घ्या. रक्तक्षय आणि थायरॉइडचा बिघाड अगदी असाच दिसतो. समुपदेशनानेही अनेकींना उतार पडतो. औषध लागलंच तर 'दूध तोडावं लागेल' ही भीती बहुतेक वेळा खोटी: सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध दुधात फारच कमी उतरतं. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटताच गोळ्या बंद केल्या की दुखणं उलटतं. कुठे जायचं सुचत नसेल तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६: मोफत, चोवीस तास, मराठीतही. आशाताई ४२व्या दिवसापर्यंत घरी येतात, त्यांनाही सांगा.

बाळंतीण दोन रात्री न झोपता उत्साहात फिरतेय, भास होतायत, 'हे बाळ माझं नाही' म्हणतेय, तर ते नैराश्य नव्हे, तातडीचा मनोविकार आहे. अंगारे-धुपाऱ्यात तास घालवू नका. तिला एकटं सोडू नका, बाळाजवळही नाही; १०८ला फोन करा.