साडेपाचनंतर रेकॉर्डिंग बंद

बीटल्स या इंग्लिश बँडचा खरा भक्त ओळखायचा असेल तर त्याला आवडतं गाणं विचारू नये. ते कुणीही सांगतं. त्याला विचारावं, 'अ डे इन द लाइफ'च्या शेवटी खुर्ची कुठे करकरते? जो लगेच बोट वर करून "थांब, थांब... आत्ता!" म्हणेल, तो आपला माणूस.

त्या गाण्याचा शेवट म्हणजे पियानोवर एकदाच दाबलेला सूरमेळ. २२ फेब्रुवारी १९६७ ला लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बीटल्समधले लेनन, मॅकार्टनी, रिंगो आणि त्यांचा मदतनीस मॅल इव्हान्स असे चौघे तीन पियानोंवर एका दमात ई मेजर दाबतात, निर्माता जॉर्ज मार्टिन हार्मोनियम धरतो आणि मग फक्त तो आवाज विरत जातो. जसजसा विरतो तसतशी रेकॉर्डिस्ट आवाज मोठा करायची सरकपट्टी वर सारत नेतो. चाळीसेक सेकंद हा खेळ चालतो. शेवटी पट्टी इतकी वर जाते की सूर संपून खोलीच ऐकू यायला लागते, आणि त्या खोलीत कुणाच्या तरी बुडाखालची खुर्ची कुरकुरते. काही जण म्हणतात खुर्ची नव्हे, बूट. आमच्यात या विषयावर बोलणं बंद होण्यापर्यंत मजल गेलेली आहे.

आमच्यात म्हणजे हिंदू कॉलनीतल्या रविवारच्या बैठकीत. फोर्टात हिशेबखात्यात उभी नोकरी काढून निवृत्त झालेले एक काका, त्यांचा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट, त्यांचं टर्नटेबल, काकूंचे पोहे आणि जमतील तेवढी टाळकी. अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत काम करणारा साउंड रेकॉर्डिस्ट येतो. पार्ल्याहून कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई येतात, त्यांना प्रत्येक गाण्याची तारीख पाठ. काकांची नात आतल्या खोलीतून अधूनमधून डोकावते आणि आजोबांना दुरुस्त करून जाते.

आता मुंबईत, तेही दादरला, रविवारी सकाळी ती खुर्ची ऐकायची म्हणजे काय प्रकार असतो ते सांगतो. आधी पंखा बंद. मे महिना असला तरी बंद. मग खिडक्या लावायच्या, कारण टिळक पुलाचे हॉर्न. मग फ्रिजचं बटण. सगळे घामाने डबडबलेले, माना खाली, श्वास रोखलेला. सुई शेवटच्या वळशांत शिरते, सूर बारीक बारीक होत जातो, आता येणार, आता... आणि स्वयंपाकघरात कुकर शिट्टी मारतो. "अगं, गॅस तरी बारीक करायचा!" काका कळवळून ओरडतात. "तुमच्या खुर्चीपायी डाळ कच्ची ठेवू का?" आतून उत्तर. पंखा लागतो, घाम पुसला जातो, पोह्यांची दुसरी फेरी होते आणि सुई पुन्हा मागे. दुसऱ्या वेळी खाली भंगारवाला आलेला असतो. रेकॉर्डिस्ट एकदा म्हणाला, हेडफोन लावा ना काका, फुकट आहे. सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की देवळात चपला घालून आलाय.

हा रोग साहेबाच्या संगीतामुळे जडला असं कुणाला वाटेल. नाही. हा आम्हाला वाडवडिलांकडून आलाय. माझ्या वडिलांच्या मित्रमंडळींत ख्यालाच्या खाजगी मैफलींच्या कॅसेटी फिरायच्या. कॉपीची कॉपी, तिची कॉपी, गाण्यापेक्षा खरखर जास्त. पण ती मंडळी गाण्याआधी काय ऐकायची? तबल्यावर कोण, तंबोऱ्याच्या मागे कोण बसलंय, अंतऱ्याच्या आधी खोकला तो कोण, आणि समेवर 'वाह' म्हणणारा आवाज कुणाचा. त्या 'वाह'वरून मैफल कुणाच्या घरची ते सांगणारे महाभाग होते. राग कुठला यावर दोन मिनिटं आणि खोकणारा कोण यावर तासभर. आम्ही फक्त गायक बदलले.

मोनो (सगळा आवाज एकाच वाटेने) आणि स्टिरिओ (डाव्या-उजव्या दोन वाटांनी) हा वाद मात्र मला मनापासून कंटाळवाणा वाटतो, आणि तो काढणारा माणूस एकदा बोलायला लागला की थांबत नाही. मुद्दा खोटा नाही. त्या काळात बीटल्सचं सगळं लक्ष मोनोवर असायचं, स्टिरिओ मिक्स घाईत उरकला जायचा. 'शीज लीव्हिंग होम' मोनोवर जरा जलद आणि चढ्या पट्टीत आहे. 'हेल्टर स्केल्टर'च्या शेवटी बोटांना फोड आले म्हणून रिंगो बोंबलतो, ते स्टिरिओवरच आहे, मोनोवर नाही. झालं. एवढंच ऐकायचं आणि पुढे जायचं. पण नाही, मंडळी दोन्ही रेकॉर्डी आलटून पालटून लावतात आणि पोहे गार होतात.

त्यापेक्षा मला 'ट्विस्ट अँड शाउट' आवडतं. ११ फेब्रुवारी १९६३ ला सकाळपासून रात्रीपर्यंत एका दिवसात दहा गाणी उरकलेली, लेननला सर्दी, घसा बसलेला, म्हणून ते घसाफोड गाणं मुद्दाम शेवटी ठेवलेलं. एकदा गायला तेच आपण साठ वर्षं ऐकतोय. दुसऱ्यांदा करून पाहिलं तर आवाजच उरला नव्हता. त्यात मला संगीत ऐकू येतं त्याहून जास्त शिफ्ट संपवायला आलेला माणूस ऐकू येतो. रात्री शेवटची लोकल पकडणाऱ्या शहराला तो आवाज लगेच कळतो.

आता फोर्टाकडे येतो, कारण आमच्या बैठकीतला सगळा मालमसाला तिथे आहे.

बीटल्सचा गिटारवाला जॉर्ज हॅरिसन १९६६ च्या सप्टेंबरात रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला, ताजमध्ये उतरला, नाव बदललं, मिशी ठेवली, तरी ओळखला गेलाच, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण तो पुन्हा आला जानेवारी १९६८ मध्ये, आणि तेव्हा कामाला आला. 'वंडरवॉल' नावाच्या चित्रपटाचं संगीत करायला. फोर्टातच, फिरोजशहा मेहता रस्त्यावर युनिव्हर्सल इन्शुरन्सच्या इमारतीत एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ होता. तिथे त्याच्यासमोर बसलेली माणसं पाहा: सरोदवर आशिष खाँ, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, तबला-पखवाजावर महापुरुष मिश्र. शिवकुमार आणि हरिप्रसाद तेव्हा तिशीच्या आसपासचे. आज अशी यादी एका तिकिटावर छापली तर षण्मुखानंदाच्या बाहेर किंग्ज सर्कलपर्यंत रांग लागेल.

स्टुडिओत यंत्र होतं ते मोनो. एचएमव्हीचे भास्कर मेनन यांनी जॉर्जसाठी दोन ट्रॅकचं, म्हणजे स्टिरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने मुंबईला आणवलं. हे मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले, पण आमच्या बैठकीत त्यांचं मोठेपण त्या यंत्रावरून ठरतं. ते यंत्र नागपूरवरून आलं की अलाहाबादवरून, यावर काका आणि पार्ल्याच्या बाई यांच्यात दोन तट आहेत. दोन्ही मार्गांनी गाड्या येत होत्या, त्यामुळे वाद मिटण्याची भीती नाही.

आणि मग ती गोष्ट, जी काका दरवेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी सांगतात. त्या स्टुडिओला आवाजबंदी अशी नव्हतीच. खाली ऑफिसं, वर स्टुडिओ, बाहेर रस्ता. जॉर्जनेच पुढे मुलाखतीत सांगितलंय की त्या रेकॉर्डवरच्या हिंदुस्थानी तुकड्यांत नीट कान दिला तर टॅक्स्या जाताना ऐकू येतात. आणि साडेपाचला ऑफिसं सुटली की रेकॉर्डिंग बंद ठेवावं लागायचं, कारण जिन्यावरून धडाधड उतरणाऱ्या माणसांची पावलं थेट आत यायची.

"बीटल्सला कोण थांबवू शकलं?" काका इथे चहाचा कप खाली ठेवतात. "अमेरिकेत पोरी किंचाळल्या, तरी हे वाजवत राहिले. पाऊस, पोलीस, कशाने थांबले नाहीत. थांबवलं कुणी? फोर्टातल्या कारकुनांनी. साडेपाच म्हणजे साडेपाच!"

काका स्वतः नोकरीला लागले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, दोन गल्ल्या सोडून. पण तो जिना ते स्वतःचाच समजतात. तो दणदणाट कसा असतो ते त्यांनी टीपॉयवर बोटांनी वाजवून दाखवलंय. आधी एकटादुकटा, ज्यांनी साडेचारपासूनच डबा पिशवीत भरलेला असतो ते. मग एकदम लोंढा. मग मागे राहिलेल्या बायकांच्या चपला. शेवटी हळू उतरणारे साहेब. चर्चगेट एकीकडे, व्हीटी दुसरीकडे, त्यामुळे खाली दारात लोंढा दोन्हीकडे फुटतो. ऐकणाऱ्याला वाटावं की मास्टर टेप यांच्याकडेच आहे.

जॉर्जच्या याच मुक्कामात शुक्रवारी, १२ जानेवारीला, 'द इनर लाइट' या त्याच्या गाण्याचा वाद्यांचा भाग मुद्रित झाला. ती टेप घेऊन जॉर्ज लंडनला गेला, फेब्रुवारीत ॲबी रोडला त्यावर गायला. आपल्याला जमेल का अशी त्याला धाकधूक, मॅकार्टनी वगैरेंनी धीर दिला. मार्चमध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या सिंगलच्या, म्हणजे दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डच्या, मागच्या बाजूला निघालं. बीटल्सच्या सिंगलवर जॉर्जचं गाणं येण्याची ती पहिलीच वेळ. मी हे जॉर्जच्याच 'विदिन यू विदाउट यू'पेक्षा वरचं मानतो, आणि माझ्या बाजूने आमच्यात कुणीही नाही. ते पाच मिनिटं उपदेश करतं. हे अडीच मिनिटांत वाजवून, गाऊन मोकळं होतं. शब्द लाओत्सेच्या 'ताओ ते चिंग'वरून घेतलेले: दाराबाहेर पाऊल न टाकता जग जाणता येतं. जॉर्जने त्यासाठी लंडनहून मुंबई गाठली आणि तेव्हा आजूबाजूला लाखो माणसं रोज दाराबाहेर पडून फोर्टात येत होती, हे गाण्याच्या तत्त्वज्ञानाला जरा अडचणीचं आहे. पण बासरी ऐकताना अडचण आठवत नाही.

मराठी माणूस बीटल्सपर्यंत पोचला की आधी कव्हरवर आपलं कुणी आहे का ते पाहतो. आहे! १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर' अल्बमवर 'लव्ह यू टू' या गाण्यात तबला अनिल भागवत यांचा, आणि नाव चक्क कव्हरवर छापलेलं. ते लंडनमधल्या एशियन म्युझिक सर्कल या संस्थेकडून आले होते. पुढच्याच वर्षी 'सार्जंट पेपर'वर 'विदिन यू विदाउट यू' वाजवणाऱ्यांची नावं मात्र छापली नाहीत. एवढ्या गाजलेल्या कव्हरवर पुठ्ठ्याच्या पुतळ्यांना जागा मिळाली, दिलरुबावाल्यांना नाही, याचा राग मला अजून आहे. पन्नास वर्षांनी, २०१७ मध्ये ती नावं पुढे आली. अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा, नटवर सोनी, आणि दिलरुब्यावर अण्णा जोशी. अण्णा जोशी! ते नाव ऐकल्यावर आमच्या बैठकीत जो जल्लोष झाला तो वानखेडेवरच होतो. त्यांना तत्काळ सदाशिव पेठेतले ठरवण्यात आलं. पुरावा शून्य.

इथल्या बहुतेकांची सुरुवात बीटल्सपासून झालीच नव्हती, हेही सांगायला हवं. १९६५ च्या 'जानवर'मध्ये शम्मी कपूरचं 'देखो अब तो किसी को नहीं है खबर' होतं, ते 'आय वाँट टु होल्ड युअर हँड'ची चाल उचलून. काकांनी आधी ते ऐकलं आणि मूळ गाणं भेटलं तेव्हा हे इंग्रजांनी आपल्याकडून ढापलं असं त्यांचं प्रामाणिक मत झालं. रेकॉर्डी नंतर जमल्या. काही काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून, ते २०१६ ला बंद झालं. काही चोर बाजारातून. त्यांच्या 'रबर सोल'च्या कव्हरवर कुण्या आधीच्या मालकाने बॉलपेनने लिहिलंय, 'परत करणे'. कव्हर कसरीने कोपऱ्यात कुरतडलंय, आतली तबकडी कलकत्त्याजवळ दमदमच्या कारखान्यात दाबलेली. लावली की पहिल्या दहा सेकंदांत कढईत मोहरी तडतडावी तशी तडतडते. काका म्हणतात, ही आपली प्रत.

अलीकडे भांडणाला नवं निमित्त मिळालंय. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'नाउ अँड देन' आलं. लेननने सत्तरच्या दशकात घरी कॅसेटवर केलेलं कच्चं गाणं. पियानो आणि आवाज एकमेकांत कालवलेले, वर यंत्राची घूं. १९९५ मध्ये उरलेल्या तिघांनी प्रयत्न करून सोडून दिलं होतं. आता संगणकाने आवाज पियानोतून निवडून काढला. पार्ल्याच्या बाई ऐकताना रडल्या. रेकॉर्डिस्ट म्हणाला, मी रोज हेच करतो, नटाच्या डायलॉगमधून रिक्षा काढतो, मला कुणी रडून दाखवत नाही.

त्यावरून नातीला कल्पना सुचली. तिने 'वंडरवॉल'मधला सरोदचा एक तुकडा मोबाइलवर घेतला, कुठल्याशा ॲपमध्ये टाकला आणि मागची गजबज पुसून टाकली. "आजोबा, ऐका. टॅक्सी नाही, काही नाही. स्वच्छ."

काका उठले. "मला नाही ऐकायचं. फोर्ट काढून टाकलंत तर उरलं काय? ते लंडनला नव्हतं का करता येत?" आणि चहा घेऊन तरातरा बाल्कनीत जाऊन पाठ फिरवून बसले. नातीने तरी लावलं. आम्ही ऐकलं. खरंच स्वच्छ होतं. रेकॉर्डिस्टने मान डोलावली, बाईंनी ओठ मुरडले, काकू पहिल्यांदाच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे बरं आहे की."

"पखवाज खाल्लाय त्याने," बाल्कनीतून आवाज आला. "दुसऱ्या आवर्तनात. परत लाव."