बेडफर्डचं निशाण

अमेरिकेत बोस्टनजवळच्या बेडफर्ड गावात मी गेले ती फक्त एका निशाणासाठी. ते गावच्या सार्वजनिक वाचनालयात ठेवलंय. काउंटरवर विचारलं आणि मंद उजेडाच्या खोलीत काचेमागे ते समोर आलं. किती लहान! सव्वादोन फूट उंच, जेमतेम अडीच फूट रुंद. घोडेस्वारांच्या पथकाचं निशाण ते. स्वाराला एका हातानं पेलायला हवं ना!

किरमिजी नक्षीदार रेशीम. त्यावर ढगातून बाहेर आलेला चिलखती हात, मुठीत तलवार, भोवती तीन रुपेरी तोफगोळे आणि पट्टीवर लॅटिन अक्षरं, 'विन्के आउट मोरिरे'. जिंक नाहीतर मर.

पूर्वी हे सतराव्या शतकातलं मानत. मग रंग तपासले, तेव्हा त्यात प्रशियन निळा सापडला. हा रंग अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये पहिल्यांदा तयार झाला, म्हणजे निशाण त्यानंतरचं. तरीही अमेरिकेत अखंड उरलेलं सर्वांत जुनं निशाण हेच मानलं जातं. माझं मन मात्र दुसरीकडेच अडकलं. हे रंगवलं तेव्हा इथल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीचे स्वार इंग्लंडच्या राजाचेच होते. राजाच्या चाकरीतली ही तलवार पुढे राजाच्याच फौजेसमोर उभी राहिली.

१९ एप्रिल १७७५. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा पहिला दिवस. सुमारे ७०० इंग्रज शिपाई शेजारच्या कॉनकॉर्ड गावात वसाहतीतल्या लोकांनी साठवलेला दारूगोळा जप्त करायला निघाल्याची बातमी रात्रीच आली. बेडफर्डची माणसं पहाटे फिच यांच्या खानावळीपाशी जमली. कॅप्टन जोनाथन विल्सन तिथे म्हणाला, असं गावात सांगतात, "न्याहारी थंड मिळाली पोरांनो, पण इंग्रजांना जेवण गरमागरम वाढू." त्या दिवशीच्या लढाईत तो मारला गेला.

निशाण नेलं नथॅनिएल पेजनं. कॉनकॉर्डला पोचल्यावर दारूगोळा हलवायला मदत करायची म्हणून त्यानं ते खाली ठेवलं. परत येऊन पाहतो तर पोरं ते घेऊन शिपाई-शिपाई खेळत होती! ही त्याच्या घराण्यात चालत आलेली आठवण. पराक्रमाच्या कुठल्याही कथेपेक्षा मला ती जास्त खरी वाटते.

दुपारी मी कॉनकॉर्डच्या नॉर्थ ब्रिजवर गेले. पूल नव्यानं बांधलेला, नदी संथ. इथे सुमारे ४०० गावकऱ्यांसमोर जेमतेम शंभर शिपाई होते. गावकऱ्यांच्या मेजर बट्रिकनं गोळी चालवायचा हुकूम दिला आणि वसाहतीतले लोक पहिल्यांदाच हुकमानं राजाच्या सैन्यावर गोळ्या झाडू लागले. बोस्टनला माघारी पोचेपर्यंत इंग्रजांचे ७३ जण मेले. पुलाजवळच त्यांच्या शिपायांचं थडगं आहे. तिथे मी बराच वेळ उभी राहिले. पुढच्याच महिन्यात गुजरातेत अडासला मराठ्यांचे सेनापती हरिपंत फडके याच इंग्रजांशी लढत होते, हे तिथेच आठवलं.

निशाणाला पूर्वी रुपेरी झालर होती. पेज घराण्यातल्या रूहामानं पोरवयात ती काढली आणि लष्करी नृत्यसमारंभासाठी आपल्या झग्याला लावली. म्हातारपणी तिला त्याचं फार वाईट वाटायचं. संध्याकाळी मी पुन्हा वाचनालयात गेले आणि काचेजवळ वाकून निशाणाच्या कडा पाहत राहिले. ती झालर शिवलेल्या टाक्यांची एखादी खूण दिसते का, तेच शोधत होते.